दिव्याचं कोरं झाकण

आमच्या मामाच्या नाकावर कायम राग. तो रस्त्यावरच्या दिव्यांचा वायरमन. पूर्वी शिडीवर चढून त्यानं दिव्याचं झाकण उघडलं, की ओंजळभर मेलेले पतंग खाली पडायचे, आणि खालचा शिंपी कापडावरची पंखांची भुकटी झटकत त्याचा उद्धार करायचा.

मग शिंप्याच्या दुकानामागची झाडी तोडून गाडीतळ झाला आणि दिवे दुप्पट झाले.

परवा मामा झाकण पुसून खाली उतरला. शिंपी खुशीत म्हणाला, "आता कसं चोख काम करतोस! एक पंख पडला नाही."

मामा भडकला. "मी काय केलं? झाकण उघडलं तेव्हाच कोरं होतं. पतंग उरलेत कुठे? झाडी गेली, उरलेसुरले दिव्यांवर जळून संपले, आणि ते जास्तीचे दिवे मीच बसवलेत. शाबासकी कसली देतोस, पूर्वीसारख्या शिव्याच दे!"