भरून परत आलेले डबे

विश्वासराव नाडगौडा. मूळ गाव निपाणी, नोकरी कारखान्याच्या भांडारात. मालकीची जमीन: निरंक. ताब्यातील क्षेत्र: बंगलोरजवळ येलहंक्याच्या वसाहतीत क्वार्टरमागे दोन खाटा मावतील एवढं, तेही कारखान्याचं. पीक: अळंबी.

हे पीक कुठून सुचलं, ते विश्वासरावांनाही सांगता येत नसे. भाताच्या ओल्या पेंढ्यात बाटलीतलं पांढरं बी पेरायचं, वर गोणपाट घालायचं आणि रोज सकाळी त्याचा कोपरा उचलून आत डोकावायचं. यातलं डोकावणं त्यांना सगळ्यात आवडे. काल काही नाही, आज करड्या गोट्या!

"कोण ठेवून जातं गं?"

"ज्याला दुसरा उद्योग नाही तो," हेमलताबाई म्हणत.

पासष्ट साली धान्याची टंचाई झाली आणि इस्टेट ऑफिसरनं फर्मान काढलं: मोकळ्या जागेत रहिवाशांच्या पोटात जाणारं काही पिकत असेल तर ठीक, नाहीतर तिथं सायकलींची शेड. विश्वासरावांची झोप उडाली. त्यांनी ओळीतल्या घरोघरी डब्यांतून अळंबी धाडायला सुरुवात केली. डबे परत आले ते भरून. कुणाची लिंबं, कुणाची चटणी, शेजारच्या गंगव्वाअक्कांच्या शेंगांच्या पोळ्या.

"बघ, ओळीला चव लागली."

"अहो, शेजारचा डबा रिकामा कोण पाठवतं?"

"त्याला चिमूटभर साखर पुरते. शेंगांच्या पोळ्या कोण देतं?"

साहेब पाहणीला आले. पुण्याहून बदलून आलेले, घाईत असलेले. सगळी ओळ गोळा झाली.

"यातलं कोण कोण खातं?"

गंगव्वाअक्कांनी पदर सावरला. "सरी, बरं, खरंच सांगते. आम्ही लिंगायत, भूछत्र कसं खाणार? पण विश्वासअण्णांनी मायेनं दिलेलं टाकवेना. तोंडलीच्या मुळाशी पुरलं."

"आम्ही कढीलिंबाच्या," मागून कुणीतरी म्हणालं. मग धीर येऊन दोडका, टोमॅटो, भोपळा सगळेच पुढे आले.

"पण शेड नको हं साहेब," अक्का म्हणाल्या. "यांच्या वाफ्यातला जुना पेंढाही आम्हीच नेतो. या, तोंडली बघा की!"

साहेब एकेका परसात डोकावत निघाले. मागोमाग विश्वासराव. खरं तर त्यांना वाईट वाटायला हवं होतं. पण अक्कांच्या वेलाशी ते उकिडवे बसले, काडीनं माती उकरली आणि मान वर न करता विचारलं, "कुजायला किती दिवस लागले हो, अक्का?"

साहेबांनी शेरा मारला: "सदर जागेवरील अळंबी-उत्पादन रहिवाशांच्या आहारास पूरक असल्याने ते चालू ठेवण्यास हरकत नाही."

विश्वासरावांनी स्वतः अळंबी कधीच खाल्ली नव्हती. हेमलताबाई ती स्वयंपाकघरात येऊ देत नसत.