बासष्टावं पान

माझ्या बायकोचा लॅपटॉप उघडायला मी शिकलो, तेव्हा तिला जाऊन दोन महिने झाले होते.

शिकणं भाग होतं. आमच्या विठ्ठल मंदिराच्या भजनी मंडळाची अभंगांची एक जुनी वही आहे, माझ्या सासऱ्यांच्या हातची, देवनागरीत लिहिलेली. आमच्या म्हैसूरच्या घरांतली मुलं मराठी बोलतात, तेही निम्मं कन्नड मिसळून. पण देवनागरी त्यांना वाचता येत नाही. म्हणून बायकोने ती वही कन्नड लिपीत टाइप करायला घेतली होती. शब्द मराठी, अक्षरं कन्नड. कार्तिकी एकादशीला छापलेली पुस्तिका मुलांच्या हातात देईन, असं तिने मंडळात कबूल केलं होतं. कार्तिकी होऊन गेली, आणि ते सगळं काम लॅपटॉपमध्येच राहिलं.

लॅपटॉप मुलीचा जुना. बेंगळूरला नोकरी लागल्यावर तिने नवा घेतला आणि हा आईला दिला. आईचे दिवस झाल्यावर परत जायला निघाली, तेव्हा चपला घालता घालता म्हणाली, "अप्पा, तो लॅपटॉप विकून टाका. मी तो इथे ठेवून गेले नसते तर आई असती."

मी तिची बॅग उचलून दाराबाहेर ठेवली. हे तिच्या डोक्यात मीच घातलं होतं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगत होतो, सारखी त्याच्यापुढे बसायची, डोकं दुखायचं, ऐकायची नाही. मुलगी आतल्या खोलीत सगळं ऐकत होती. आपण खोटं सांगतो आहोत हे मला तेव्हाही आतून कळत होतं. किती खोटं, ते पुढे कळलं. मुलीला खरं सांगायचं की नाही, एवढाच प्रश्न मग माझ्यापुढे उरला.

शिकवायला मेहुणी तयार झाली. ती विजयनगरला राहते. दर रविवारी सकाळी मी बन्नीमंटपहून लॅपटॉप बायकोच्याच पिशवीत घालून तिच्याकडे न्यायचो. पासवर्ड मेहुणीला माहीत होता, मला नव्हता.

मी हूटगळ्ळीच्या एका कारखान्यात फिटर आहे. तीस वर्षं नट आवळायचे पाने धरून बोटांची टोकं टणक झाली आहेत. टचपॅडला माझं बोट कळेचना. बाण जागचा हलेना, म्हणून मी जोर लावला.

"अय्यो भावजी, बोल्ट नाही तो! हलका हात ठेवा. मांजराच्या पाठीवरून फिरवतात तसा."

"मांजर कुणी पाळलंय आमच्याकडे?"

"मग बायकोच्या पाठीवरून तरी कधी..." म्हणता म्हणता तिने जीभ चावली. आम्ही दोघंही पडद्याकडे बघत राहिलो. पडदा काळाच होता.

"चालूच झाला नाही वाटतं," मी म्हणालो.

"झालाय. उजेड अगदी कमी केलेला आहे. ती सूर्याचं चित्र असलेली कळ दाबा. सुम्ने, उगाच दाबून धरू नका, एकेकदा."

मी एकेकदा दाबत गेलो. पडदा उजळत गेला आणि मागे आमच्या मुलीचा फोटो दिसायला लागला.

"एवढा कमी का ठेवलाय?"

"तुमच्यासाठी. ती पहाटे पाचला उठून बसायची ना. तुमच्या तोंडावर उजेड यायचा."

आमचं घर दोन खोल्यांचं आहे. कोपऱ्यातल्या शिलाई मशीनवर लॅपटॉप ठेवून ती बसायची, आणि मी सहापर्यंत झोपायचो. आवाजाच्या चित्रावर फुली होती, तीही त्याचसाठी. मग मी टचपॅडचा कोपरा दाबला, टक् असं वाजलं, तर मेहुणी म्हणाली, "दाबायची गरज नाही. नुसतं बोट टेकवलं तरी चालतं. तिने तसं करून घेतलं होतं माझ्याकडून. टक् झालं की तुम्ही कूस बदलायचा."

नुसती कूस बदलायचो असं नाही. उंदरासारखं काय कुरतडतेस गं, असं मी एकदा म्हणालो होतो. तिने कदाचित ते बहिणीला सांगितलं नसावं.

पहिल्या दिवशी मी तीन गोष्टी शिकलो, उजेड, आवाज आणि बोट टेकवणं. तिन्ही तिने माझ्यामुळे कमी करून ठेवल्या होत्या.

दुसऱ्या रविवारी लिहिणं शिकलो. कळांवर कन्नड अक्षरांची स्टिकरं होती. रोजच्या वापरातल्या अक्षरांची झिजलेली, काहींची तशीच नवीकोरी. पडद्यावरची अक्षरं खूप मोठी दिसत होती, एका वेळी जेमतेम चार ओळी. मेहुणी म्हणाली की लहान करता येतात. मी म्हटलं, राहू दे. मलाही तेवढी मोठीच लागतात.

तिसऱ्या रविवारी तिने फोल्डर उघडून दाखवला. वहीच्या प्रत्येक पानाची वेगळी फाइल होती, एक ते बासष्ट. वही एकूण ऐंशी पानांची.

"नावाच्या शेजारी तारीख असते बघा. त्या दिवशी शेवटचं सेव्ह केलं, असा त्याचा अर्थ. इथे टेकवलं की तारखेप्रमाणे लागतं."

मी टेकवलं. रांग लागली. रोज एक पान, एखाद्या दिवशी दोन. गौरी-गणपतीच्या दिवसांतसुद्धा एक. एकोणसाठपर्यंत असंच. मग मध्ये अठरा दिवस काहीच नाही. मग साठ, एकसष्ट, बासष्ट, आणि तिथे संपलं.

मेहुणीचं बोट त्या जागेवर थांबलं. तिने काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी कदाचित आजारपणाचं नाव सांगून मोकळा झालो असतो.

"तेव्हा तो मी वर ठेवला होता," मी म्हणालो. "माळ्यावर. दसऱ्याला मांडायच्या बाहुल्यांच्या पेटीखाली."

मग सगळंच सांगितलं. एका सकाळी चहा देताना ती म्हणाली होती, डोक्याच्या मागे फार दुखतंय, एकदा डॉक्टरांना दाखवून येऊ या का. माझी पहिली पाळी होती, बस चुकायची वेळ झाली होती. मी म्हणालो, त्या डब्यापुढे बसल्यावर दुखणार नाही तर काय होणार, आधी तो बंद कर, मग बघू. तिने बंद केला नाही, म्हणून दोन दिवसांनी मीच स्टुलावर चढून तो वर टाकला. तिच्या भल्यासाठी करतो आहे असं मला खरंच वाटत होतं. आणि खरं सांगायचं तर, घरात माझ्याहून वेगळं काहीतरी तिचं चाललेलं मला खुपतही होतं. डॉक्टर राहूनच गेले.

अठरा दिवसांनी ती म्हणाली, "आता नाही दुखत."

मी लॅपटॉप खाली काढून दिला. "बघ, मी सांगत होतो ना?"

"हौदु, तुमचंच खरं," ती म्हणाली आणि हसली.

चौथ्या दिवशी गच्चीवर कपडे वाळत घालताना ती पडली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. रक्तदाब बरेच दिवस वाढलेला असणार, असं दवाखान्यात म्हणाले. डोकं दुखायचं का, असंही विचारलं. मी म्हणालो, आधी दुखायचं, पण थांबलं होतं.

मेहुणी हे सगळं ऐकताना चार्जरच्या वायरीचं वेटोळं करत होती. ते सोडून तिने वर पाहिलं.

"थांबलं नव्हतं, भावजी."

मला कळलं नाही.

"तिने मला फोन केला होता. म्हणाली, डोकं तसंच ठणकतंय गं, पण तसं सांगितलं तर हे लॅपटॉप काही देणार नाहीत, कार्तिकी तर जवळ आली. मला हसू आलं. मी म्हटलं, वेडे, मग सांग की थांबलं म्हणून. आधी हातात घे, मग बघू." तिने सोडलेली वायर पुन्हा हातात घेतली. "मीच सांगितलं तिला तसं. तुमच्यावर राग काढावा असं रोज वाटतं. पण काढायला तोंड नाही मला."

बाहेर कोथिंबीरवाला ओरडत गेला. तिच्या नवऱ्याने दारातून डोकावून कॉफी हवी का विचारलं. आम्ही दोघांनी एकदमच नको म्हटलं. तिने मला समजावलं नाही, मीही तिला नाही. डोळे पुसून ती म्हणाली, "बासष्टावं उघडा. कुठपर्यंत आलंय बघू."

उघडलं. पान अर्धं होतं. एका ओळीच्या मध्येच ती थांबली होती. बारीक उभी रेघ त्या शेवटच्या शब्दापुढे लुकलुकत होती.

"लिहा पुढे," मेहुणीने वही समोर धरली.

माझं बोट कळेवर गेलंच नाही. त्या ओळीला माझा हात लावायचा नव्हता. मी म्हणालो, त्रेसष्टपासून घेऊ. तिने माझ्याकडे पाहिलं आणि वहीचं पान उलटलं. त्यानंतरचे रविवार ती वाचत गेली, मी एका बोटाने टाइप करत गेलो. दर वेळी सुरू करण्याआधी ती मला कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेऊन रक्तदाब मोजायला लावायची आणि स्वतःचाही मोजायची. माझा वाढलेला निघाला. सकाळी आता एक गोळी असते. ती घेताना दर वेळी एकच विचार येतो, एवढीच तर गोळी होती.

ऐंशी पानं झाली. मध्ये बासष्टावं तेवढं अर्धं. छापायला द्यायची वेळ आली तेव्हा मी मुलीला फोन केला. तिची जेवणाची सुट्टी होती.

"अगं, लॅपटॉप मी विकलेला नाही."

"अप्पा, मी सांगितलं होतं ना..."

"ऐक आधी. तुझ्या लॅपटॉपने काही झालेलं नाही. ती डॉक्टरकडे जाऊ या म्हणाली होती. मी नेलं नाही. उलट तो काढून घेतला. तो परत मिळावा म्हणून तिने दुखतंय हे लपवलं. आणि लोकांना मी तुझ्या लॅपटॉपचं नाव सांगत बसलो. तू ऐकत होतीस ते मला दिसत होतं."

मावशीचं मी सांगितलं नाही. ते सांगायचं तर तिचं तिने सांगावं.

पलीकडून भांड्यांचे, माणसांचे आवाज येत होते, म्हणून फोन चालू आहे एवढं कळत होतं. मग ती म्हणाली, "चार महिने, अप्पा. चार महिने मी..." आणि फोन बंद झाला.

त्या आठवड्यात तिने फोन उचलला नाही. आठव्या दिवशी तिचाच आला.

"मावशी म्हणाली, एक पान अर्धं आहे."

"हो."

"तेवढं पाठवा मला."

"सगळी पाठवू का? मला येतं आता."

"नको. तेवढंच."

दुसऱ्या दिवशी कारखान्यातून आल्यावर मी शिलाई मशीनपुढे बसलो. पडदा पूर्ण उजळ केला. ईमेल उघडली, कागदाच्या क्लिपच्या चित्रावर बोट टेकवलं, बासष्टावं पान निवडलं, तिचा पत्ता एकेक अक्षर बघत लिहिला आणि पाठवलं. पत्रात काय लिहावं ते सुचलं नाही, म्हणून जागा कोरी ठेवली.

दोन दिवस उत्तर आलं नाही. तिसऱ्या दिवशी ते पान परत आलं. आईने जिथे सोडली होती तिथून ओळ पुरी केलेली, आणि खाली उरलेलं सगळं. वही तिच्याजवळ नव्हती. लहानपणापासून आईच्या तोंडून ऐकून तिला ते पाठ होतं. मी वहीशी ताडून पाहिलं, एक शब्दही चुकला नव्हता.

पत्रात माझ्यासाठी काही लिहिलेलं नव्हतं. मी पान सेव्ह केलं.