घरचा वकील

तनुजाला वकील करायचं, हे तिच्या आधी तिच्या बापानं ठरवलं होतं. अर्जुनरावाची अर्धी हयात बांधाच्या भांडणापायी खेडच्या कोर्टात गेली. गाव चाकणच्या अंगाला. चहूबाजूंनी कंपन्यांच्या भिंती आलेल्या, जमिनीला सोन्याचा भाव, आन् बांध हातभर इकडं का तिकडं यावर चुलतभावाशी तारखा चाललेल्या. दर तारखेला वकिलाच्या टेबलापुढं हात बांधून उभं राहायचा त्याला वीट आला होता.

"एक माणूस घरचा पाहिजे," तो पारावर सांगायचा. "काळा कोट घरचा असला की समोरचा निम्मा तिथंच गार पडतो."

थोरला ओंकार बारावीत दोनदा आपटला आन् जेसीबी घेऊन बसला. राहिली तनुजा. "तीच व्हईल," अर्जुनराव म्हणाला, आन् गावभर सांगून मोकळा झाला. चूक झाली ती इथंच. घरात वकील आणायचा तर त्याच्यामागं कायदाही उंबरा ओलांडून येणार, हे त्याच्या ध्यानात आलं न्हाई.

तनुजानं बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या लॉची सीईटी दिली. मार्क चांगले पडले. पुण्याचं कॉलेज हाताला लागत होतं. आधी पदवी घेऊन मग तीन वर्षं लॉ करायचा रस्ताही होता, पण तो लांबचा. तिला घाई होती. कोर्टात उभं राहायचं तर बायकांच्या जमिनीच्या केसी घ्यायच्या, हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं. पहिली केस कुणाची, तेही. छबूआत्याची.

गावाची एक रीत होती. जमीन विकायची झाली की लेकीबाळींना गाडीत घालून चाकणला रजिस्टर कचेरीत न्यायचं, हक्कसोडीवर सह्या घ्यायच्या, येताना हॉटेलात जेवण आन् एकेक साडी. याला कुणी लबाडी म्हणत नसे. बहिणीसुद्धा म्हणत नसत. साडीचा पदर कसा निघाला, यावरच पुढं वर्षभर बोलणं. कंपनीच्या बाजूचं रान गेलं तेव्हा छबूआत्यानं अशीच सगळ्या रानावरची सही करून दिली होती. तनुजा तेव्हा लहान, आत्याच्या मांडीवर बसून हॉटेलातलं आइस्क्रीम खाल्लेलं तिला आठवत होतं.

आता उरल्या रानाला गोडाऊनवाला गिऱ्हाईक म्हणून आला. सगळ्या वारसांच्या सह्या पाहिजेत म्हणाला. तनुजाला अठरावं सरलं होतं.

"सोमवारी सही, मंगळवारी ॲडमिशन," अर्जुनराव जेवता जेवता म्हणाला.

"कसली सही?"

"हक्कसोडीची. कसली आसणार?"

"न्हाई केली तर?"

ओंकार हसला. "आल्या वकिलीणबाई. अजून कॉलेजाचं तोंड बघितलं न्हाई, आन् पहिली केस घरावरच."

"आन् पाच वर्षाची फी कोण भरणार?" अर्जुनरावानं ताटावरची नजर काढली न्हाई. "का ती पण कायद्यानंच भरशील?"

आई, इंद्रायणी, भाकरी उलटत होती. ती उलटत राहिली.

रविवारी तनुजा देहूरोडला आत्याकडं गेली. नवरा गेल्यापासून छबूआत्या दोन खोल्यांत एकटी होती. पोरगी नाशिकला दिलेली. तनुजाला वाटलं होतं, जगात कुणाला कळंल तर हिला कळंल. तिनं सगळं सांगितलं. वडिलोपार्जित रानात लेकीचा जन्मापासून वाटा असतो, आत्याला तेव्हा फसवलं, अजून काही करता येतं का ते ती शिकून बघणार आहे, हेही सांगितलं.

आत्यानं चहाचा कप पुढं सरकवला.

"मला कुणी फसवलं गं?"

"मग तुम्ही सही का केली?"

"करायची आसती म्हणून केली. दिवाळीला दादा न्यायला येतो माझा. गाडी घेऊन येतो. चार दिवस माझ्या दाराला कुलूप आसतं, आन् शेजारणी म्हणत्यात, माहेरी गेली." तिनं चहाचं भांडं खाली ठेवलं. "ते तू मोडू नको. माझी केस घ्यायची न्हाई, आधीच सांगते."

"मी तुमच्यासाठीच..."

"माझ्यासाठी म्हणून शिकू नको. शिकायचं तर सही कर आन् शीक. चार दिवसांनी कुणाला आठवतंय?"

निघताना आत्यानं तिच्या तोंडावरून हात फिरवला, डब्यात चकल्या घातल्या. बसमध्ये तो डबा मांडीवर घेऊन तनुजा बसली होती. दोन्ही बाजूंनी कंपन्यांची कुंपणं पळत होती. जिच्यासाठी भांडायचं, तिनंच हात झटकले होते. आता भांडण उरलं ते नुसतं तिचं एकटीचं.

सोमवारी ती गाडीत बसली. मागच्या सीटवर साडीची पिशवी होती, मोरपंखी रंग डोकावत होता. कचेरीच्या दारात एजंट, झेरॉक्सवाले, जरीच्या साड्या नेसून आलेल्या कुणाकुणाच्या बहिणी. आपला नंबर आला तेव्हा तनुजा बाकावरून उठली न्हाई.

"चल," अर्जुनराव म्हणाला.

"मी सही करणार न्हाई, आबा."

त्यानं आवाज चढवला न्हाई. माणसं बघत होती. तो वाकून हळू म्हणाला, "मग घरी कशी यायची ती तू ये," आन् ओंकारला घेऊन गाडीकडं गेला. व्यवहार तटला. त्या दिवशी हॉटेलात कुणी जेवलं न्हाई.

तनुजा सहा सीटर रिक्षानं घरी आली. आईनं दार उघडलं, ताट झाकून ठेवलेलं होतं. मारझोड झाली न्हाई, कुणी घराबाहेरही काढलं न्हाई. नुसतं तिच्याशी बोलायचं थांबलं. "तिला म्हणावं लाईट बंद कर," असं आईमार्फत व्हायचं, ती समोर बसलेली असताना. पुण्याच्या कॉलेजातली जागा मुदत संपली तशी गेली. दिवाळीत छबूआत्या आली. तिच्याकडं पाठ करून करंज्या लाटत बसली.

तिनं लांबचा रस्ता धरला. सकाळी चाकणच्या कॉलेजात बीए, दुपारपासून एका कंपनीच्या गोडाऊनमध्ये खोकी चिकटवायची. बीए झालं की तीन वर्षं लॉ. वर्गातल्या पोरी विचारायच्या, घरी कोण कोण असतं. ती सगळ्यांची नावं सांगायची.

थंडीतली एक सकाळ. ती नळावर कळशी भरत होती. वरच्या आळीची दुर्गाबाई शेजारी आली, आधी मागंपुढं बघितलं.

"आमच्या माहेरचं रान निघालंय. संक्रांतीनंतर सहीला बोलावलंय." मग हळूच, "तू वकील कधी व्हणार गं?"

"अजून सहा वर्षं."

"लय झाली बाई."

"सही करू नका, मावशी. एवढं सांगायला वकील लागत न्हाई."

दुर्गाबाईनं तिच्याकडं नीट बघितलं. "ते कळतंय मला. पण मग तुझ्यासारखं घरात एकटं बसावं लागंल की."

आळीतून कुणी येताना दिसलं, तशी ती कळशी अर्धीच उचलून निघून गेली. तनुजानं आपली भरली, दारात नेऊन ठेवली, आन् दप्तर घेऊन सहा सीटर गाठायला फाट्याकडं निघाली.