मामांचा दमसास

लालबागपासून भोईवाड्यापर्यंत एकही श्वास फुकट न घालवणारा माणूस एकच होता, आणि तो माझ्या आईचा चुलतभाऊ होता. मॅट्रिक होऊन मी कोकणातून मुंबईला आलो तो या मामांच्याच खोलीवर. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिला. त्यामुळे कॉलेज म्हणजे नेमके काय हे घरी कोणालाच माहीत नव्हते, आणि मला तर मुळीच नव्हते. मामा गिरणीत साचे, म्हणजे कापड विणायचे माग, चालवत आणि उरलेल्या वेळात बासरी वाजवत. खरे तर हे उलटे सांगायला हवे. ते बासरी वाजवत, आणि मधले आठ तास गिरणी त्यांना उसने नेई.

दमसास हे त्यांचे दैवत होते. चाळीचे तीन जिने ते एका श्वासात चढत, मधे कोणी "काय मामा, सुटली पाळी?" असे विचारले, तर उत्तर वर पोचल्यावर कठड्यावरून खाली वाकून देत. चहावर फुंकर घालत नसत. "फुंक चहाला दिली तर बासरीला काय देऊ?" म्हणत आणि तो निवेपर्यंत बशीकडे बघत बसत. तिळाचे तेल आधी बासरीला लागे, उरले तर डोक्याला. खोलीत आम्ही नऊ जण पाळीपाळीने झोपत असू, पण खुंटीवरची गोधडीची पिशवी कायम बासरीची. माणसांचे मापही ते श्वासानेच घेत. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना मला आवर्जून नेत. मैदान माणसांनी फुललेले, वक्ता घसा ताणून बोलतो आहे, आणि मामा डोळे मिटून बोटांवर मात्रा मोजताहेत. परतताना निकाल सांगत, "दुसरा बोलला तो खरा. वाक्य संपेपर्यंत दम तुटला नाही. असे दहा असले की मुंबई मिळाली समज."

त्यांचे गुरू परळला राहत आणि गिरणीतल्या माणसांना बासरी शिकवत. शिष्यांकडे पेटी नसे, तंबोरा तर दूरच. म्हणून गुरूंनी सगळ्यांच्या बासऱ्या आमच्या गिरणीच्या भोंग्याशी जुळवून कापल्या होत्या. भोंगा झाला की जो जिथे असेल तिथे बासरी तोंडाला लावून आपला सा तपासून घेई. हरताळाच्या दिवशी भोंगा नसे. मामा त्या दिवशी बासरीला हात लावत नसत. पहिली तीन वर्षे त्या एका सा-खेरीज त्यांनी काही वाजवले नव्हते म्हणे. चाळीने ती वर्षे कशी काढली कोण जाणे. मी आलो तोवर मात्र त्या सुराला गोडी आली होती. धुरकट पहाटे भोंगा थांबे आणि त्याच सुरात बासरी मागे उरे. अर्धवट झोपेत मला वाटे, ओरडून दमलेली गिरणीच आता हळू आवाजात काही सांगते आहे, आणि ते कोकणातल्या खाडीबद्दल असावे.

मग मामांना खोकला लागला. कापसाच्या तुसाचा तो खोकला फुंकेवर जगणाऱ्या माणसाचे काय करणार, हे ते बोलले नाहीत. पण सिनेमाच्या एका वाद्यवृंदात बासरीवाल्याची कायमची जागा निघाल्याचे कळताच त्यांनी माझ्याकडून अर्ज लिहून घेतला आणि मला घेऊन गिरगावात एका बाईंकडे गेले. या गोव्याच्या बाई वाडीत मुलांना पियानो शिकवत आणि त्या वाद्यवृंदातही पियानो वाजवत. मामांनी सा लावला. बाईंनी एक पट्टी दाबली, मग शेजारची.

"हा नाही. हाही नाही. तुमचा सा या दोन पट्ट्यांच्या फटीत पडलाय, बासरीवाले."

"मग पियानो जरा भोंग्याला लावून घ्या."

"पियानोला दोनशेच्या वर तारा आहेत. तुमच्या बासरीला भोकं सात. बदलायला सोपं कोण, तुम्हीच सांगा."

मामांनी गुरूंची बासरी पिशवीत घातली. बाईंनीच पियानोच्या सुराची दुसरी मिळवून दिली आणि बजावले, "नव्या बासरीत फुंक बसायला महिना लागतो. रोज वाजवा." चाचणीला बरोबर महिना होता, आणि माझ्या बी. ए.च्या परीक्षेलाही.

इथून मामांच्या विक्षिप्तपणाने टोक गाठले. पाळीवरून आले की ते गॅलरीत बसून नवी बासरी ओठांशी धरत, तास तास बोटे फिरवत आणि फुंकत मात्र नसत. मी आत पुस्तकाशी, ते बाहेर मुकाट. एकदा विचारले, "मामा, आवाज कुठे आहे?"

"आवाज शेवटी येता रे. आधी बोटां."

हे बासरीचे शास्त्र असावे असे समजून मी ते वहीत टिपून ठेवले. त्याच दिवसांत एक मोर्चा घोषणा देत आमच्या चाळीखालून निघाला. मामा कठड्यावरून वाकले. "मुंबय आपलीच आसा रे, पण जरा हळू. वर बी. ए. चालू आसा." आणि खरेच, आमच्या चाळीपुरता तो मोर्चा कुजबुजत गेला.

मामांना जागा मिळाली नाही. "खुर्च्यो उंच होत्यो, पाय लोंबकळत होते," एवढेच म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी साच्यावर उभे राहिले. पुढे माझा निकाल लागला. मामांनी पेढे आणले आणि पियानोच्या बाईंनाही द्यायला मला गिरगावात धाडले.

बाईंनी पेढा हातातच धरला. "पास झालास ना? बरं झालं. त्या दिवशी बोटं काय सुंदर चालली त्यांची. पण फुंक बसेना, सूर फाटत होता. मी विचारलं, महिनाभर केलंत काय? म्हणाले, वाजवली नाही, घरात भाचा परीक्षेला बसलाय. आमची माणसं हसली. मला हसू आलं नाही."

लालबागपर्यंत मी चालतच आलो. मामा गॅलरीत बसले होते, नवी बासरी ओठांशी, बोटे नुसतीच फिरत होती.

"बाईनी पेढो खाल्लो?"

"हो," मी म्हणालो. मामांनी माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिले.

"आज पुस्तक नाय?"

"नाही मामा. अभ्यास संपला."

"मगे वाजवूक हरकत नाय मां?"

मी मान डोलावली. मामा एकदा खोकले, थांबले आणि त्यांनी छाती भरून श्वास घेतला. पहिला सूर घसरला. दुसराही. तिसरा लागला, आणि कितीतरी वेळ तुटला नाही.