स्टिअरिंगमधलं ब्रेक ऑइल

आमच्या सहकारी साखर कारखान्याच्या चेअरमननं मला फसवलं. त्याच्या जुन्या स्पोर्ट्स गाडीचं पॉवर स्टिअरिंग गळत होतं आणि हे त्याला माहीत होतं. त्यात ब्रेक ऑइल ओतून त्यानं गळती तेवढ्यापुरती दाबली आणि गाडी माझ्या गळ्यात मारली. त्याला माझ्याकडून काय मिळालं ते सोडा. माझ्या बायकोचं त्यात काय गेलं ते सांगतो.

मी जुन्या पाणमोटारी घेतो, दुरुस्त करतो आणि विकतो. युसूफ वडगावच्या बाजारात फाटक्या पोत्यावर वाल्व्ह आणि नटबोल्ट मांडून सुरुवात केली. आज केज तालुक्यात बोअर पाडणारा प्रत्येक माणूस मला ओळखतो. माझ्याशी भाव करून कोणी हसत गेला नाही असं लोक म्हणतात. म्हणू देत.

एका बोअरमधून मोटार वर ओढताना साखळी सुटली आणि लोखंडी पाइपाचा झोका माझ्या उजव्या खांद्यावर आला. तेव्हापासून त्या हातात जोर उरला नाही. दाबून काही फिरवायला गेलं की बोटांपर्यंत मुंग्या जातात. जीप होती, ती उभी राहिली. तिचं स्टिअरिंग म्हणजे उसाच्या चरकाचा दांडाच.

त्याच सुमारास बायकोच्या किडन्या गेल्या. अंबाजोगाईच्या दवाखान्यात दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी तिला मशीनवर घ्यावं लागायचं. त्यासाठी तिच्या मनगटापाशी दोन रक्तवाहिन्या जोडल्या होत्या. डाव्या हातात ते जमलं नाही, म्हणून उजव्यात केलं. त्या जागेवर बोट ठेवलं की आत मधमाशी गुणगुणल्यासारखी थरथर लागायची. डॉक्टरांनी बजावलं होतं, ‘या हातानं कळशी उचलायची नाही, बांगडी घालायची नाही, धक्का लागू द्यायचा नाही. थरथर थांबली तर हात गेला समजा.’

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. काळ्या-पिवळ्या जीपमध्ये माणसांच्या मांडीवर माणसं बसायची आणि टपावर छावणीला चाललेला चारा. एसटी आली तर आली. अशा गर्दीत तो हात घेऊन तिला कसं पाठवायचं? मला स्वतःला चालवता येईल अशी गाडी हवी होती, म्हणजे बोटानं फिरेल असं स्टिअरिंग हवं होतं. आमच्या भागात तेव्हा तशा गाड्या पुढाऱ्यांकडेच होत्या, आणि विकायला काढलेली एकच.

चेअरमनच्या पोरानं उसाच्या चांगल्या वर्षांत पुण्याहून ती लाल, दोन दारांची परदेशी गाडी आणली होती. पोरगं परत पुण्याला गेलं आणि गाडी कारखान्याच्या गॅरेजमध्ये पडून राहिली. कारखान्याचं धुराडं थंड होतं, ऊस जनावरांनी खाल्ला होता, आणि जमिनीला पोट टेकणारी ती गाडी आमच्या रस्त्यांवर कोण घेणार? म्हणजे भाव माझ्या हातात होता. मी खूश होऊन गेलो.

बघायला गेलो तर गाडी धुऊन ठेवलेली. आमच्या गल्लीत टँकर आला की बाया घागरींनी भांडत होत्या आणि इथं बॉनेटच्या आतसुद्धा पाणी मारलेलं. मला वाटलं, गिऱ्हाईक म्हणून मान दिला.

जनावर बघावं तशी मी गाडी बघितली. खाली वाकून जमिनीला हात लावला, कोरडी. इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत एका बोटानं फिरवलं. कुरकुर नाही, आवाज नाही. खांद्याला काही कळलंसुद्धा नाही. हे सगळं चेअरमन बघत होता.

“शेठ, हात लई जपून बघायलाव,” तो म्हणाला.

“खांद्यात जोर न्हाई साहेब. आन् बायकोला दवाखान्यात न्यायचीय. इंजिन कसंबी असू द्या, मला स्टिअरिंगच पायजे.”

“मग घ्या की. परवाच सगळी ऑइलं बघून घेतलीत आमच्या गॅरेजवाल्यांनी.”

भाव आम्ही उपरण्याखाली केला, बैलबाजारात करतात तसा, बोटं दाबून. तोही मूळचा शेतकरीच. त्यानं बोटं आवळली की मी ढिली सोडायचो, आणि त्यानं हात काढून घेतला की मी उपरणं झटकून निघायचं नाटक करायचो. शेवटी जमलं. आमच्या बाजाराची एक रीत आहे. सौदा ठरल्यावर, दावं हातात देण्याआधी, विकणाऱ्यानं जनावरावर हात ठेवून खोड सांगायची. मारकं असेल, कामात बसत असेल, ते तेव्हाच बोलायचं. सांगितलेल्या खोडीवर तक्रार नाही. लपवलेली निघाली तर जनावर परत, आणि विकणाऱ्याला चारचौघांत खाली मान.

मी म्हणालो, “हात ठिवा साहेब. खोड सांगा.”

तो हसला. “शेठ, ही गाडी हाय, गोऱ्हा न्हाई.”

“माझ्यासाठी एकच.”

त्यानं बॉनेटवर तळहात ठेवला. “खोड न्हाई. पेट्रोल लई पिते, एवढीच.”

बायकोनं गाडी बघितली आणि दारात उभी राहून म्हणाली, “अहो, ह्यात बसायचं का झोपायचं?”

“बस मुकाट्यानं.”

“बसते. लोक म्हणतील, म्हातारा-म्हातारी पळून चालले.”

रोज सकाळी ती मनगटावर बोट ठेवून थरथर बघायची आणि मी बॉनेट उघडायचो. स्टिअरिंगच्या ऑइलच्या डबीला झाकण असतं, झाकणालाच काडी. काडी पुसायची, घालायची, पातळी बघायची. पंप फिरवणारा पट्टा अंगठ्यानं दाबून बघायचा. नळ्यांवरून फडकं फिरवायचं. आमच्याकडे तेव्हा सगळ्यावर धूळ बसलेली असायची. कुठं ओल असेल तर धूळ चिकटून काळा चिखल होतो आणि गळती लपत नाही. मी रोज तो चिखल शोधायचो. वळताना स्टिअरिंग टोकाला नेऊन धरायचं नाही, पंप तापतो, हेही शिकलो. नव्या लाल ऑइलचा सीलबंद डबा आणून डिकीत ठेवला होता. तो उघडायची वेळच आली नाही. पातळी हलत नव्हती.

तरी माझं मन स्वस्थ नव्हतं. गाडीतून कुठूनही बारीक आवाज आला की मी पंख्यापासून रेडिओपर्यंत सगळं बंद करून कान लावायचो. बायको म्हणायची, “तुमी रस्त्याकडं बघा. गाडीचं दुखणं मी ऐकते.” मशीनवरून उठल्यावर तिच्यात बोलायचंही त्राण नसायचं. तेव्हा त्या खोल सीटमध्ये ती आडवी पडायची आणि हात छातीशी धरून ठेवायची. कोणाचा धक्का नाही, कोणाची कोपरं नाहीत. माझं डोकं शांत व्हायचं ते तेवढ्यापुरतं.

मग एके सकाळी काडीवर ऑइल किंचित खाली दिसलं. फडक्याला खालच्या बाजूला ओल लागली. मी डबा उघडून लाल ऑइल घालून पातळी बरोबर केली. दवाखान्याचा दिवस होता. तिला म्हणालो, “काळी-पिवळीनं जाऊ या का?”

“कावून? ती गर्दी मला परवडंल का?”

तिचं पाऊल सुजलं होतं. मशीन चुकवून चालणार नव्हतं. निघालो.

अंबाजोगाईच्या अलीकडे पुलाचं काम चाललं होतं आणि गाड्या बाजूच्या कच्च्या वळणावरून उतरवायचे. उतार, मग एकदम डावीकडे आखूड वळण. निम्म्यात आलो आणि पंप ओरडला, कुत्र्याच्या शेपटीवर पाय पडावा तसा. दुसऱ्या क्षणी स्टिअरिंग दगड झालं. समोरून पाण्याचा टँकर चढत होता. मी जोर लावला. खांद्यातून कळ गेली आणि उजवा हात सुटला. ब्रेक दाबला, गाडी मुरुमावर घसरत राहिली. बायकोनं बाजूनं हात घातला आणि स्टिअरिंग ओढलं. उजव्या हातानं. त्याच हातानं.

गाडी वळली. पुढचं चाक खड्ड्यात गेलं, स्टिअरिंगनं उलटा झटका दिला आणि त्याचा आडवा दांडा तिच्या मनगटावर बसला. टँकर आमच्या आरशाला घासून गेला.

टँकरवाल्यानं खिडकीतून डोकं काढलं. “मरायचंय का बे! हिरोची गाडी घिऊन आलाव का इथं?”

एरवी मी त्याला खाली ओढला असता. त्या दिवशी मी तिचा हात हातात घेतला आणि मनगटावर बोट ठेवलं. थरथर होती. मंद होती, पण होती. ती म्हणाली, “हाय ना?” मी म्हणालो, “हाय.” त्याच टँकरवाल्यानं पुढे गाडी थांबवली, परत चालत आला आणि आम्हाला टँकर उलटा फिरवून दवाखान्यात सोडलं. त्या दिवशी मशीन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंगणात उभी राहून मनगट दाबत होती, कानाशी नेत होती. मी जवळ जाऊन बोट ठेवलं, थरथर नव्हती. तिनं नुसती मान हलवली.

पुढे मशीनसाठी मानेतून नळी घातली. ताप आला, नळी बदलली. मग महिने थांबून वरच्या दंडात पुन्हा जोडणी केली. डॉक्टरांना मी खोदून खोदून विचारलं. ते म्हणाले, “झटक्यानंच झालं असं छातीठोक सांगता येणार नाही. पण झटका बसायला नको होता.”

गाडी ओढून अंबाजोगाईच्या मिस्त्रीकडे नेली. हा मिस्त्री इतका बढाईखोर की बॉनेट उघडायच्या आतच म्हणाला, “पंप गया शेठ. मैं आवाज सुन के बोलता.” पंप उतरवला, तर पंप ठीक. डबीत तळाशी उरलेलं ऑइल त्यानं काचेच्या बाटलीत ओतलं आणि मला घेऊन चहा प्यायला गेला. आम्ही परत आलो तेव्हा बाटलीत दोन थर झालेले. एक लाल, एक पिवळसर. त्यानं वास घेतला.

“शेठ, ब्रेक ऑइल किसने डाला?”

“मी न्हाई. मी लाल टाकलं, तेबी त्याच दिवशी.”

मग त्यानं स्टिअरिंगच्या रॅकमधलं, म्हणजे चाकं वळवणाऱ्या दांड्याभोवतीचं, रबरी सील काढून माझ्या हातावर ठेवलं. चघळून थुंकलेल्या गुटख्यासारखं लिबलिबीत. ब्रेक ऑइल पडलं की हे रबर फुगतं, तो म्हणाला. फुगलं की फट बुजते, काही आठवडे थेंब पडत नाही. मग रबर कुजतं आणि सगळं एकदम जातं. विकायच्या गाडीला करतात असं. हे तो इतक्या सहज म्हणाला की त्यानंही केलं असणार.

तेव्हा मला ती धुतलेली गाडी दिसली. मान नव्हता तो. चिखल धुतला होता.

मिस्त्रीनं नवी सीलं पुण्याहून मागवली, नळ्या धुतल्या, नवं ऑइल भरलं, पुढची चाकं उचलून स्टिअरिंग इकडून तिकडं फिरवत आतली हवा काढली. बुडबुडे संपेपर्यंत मी डबीवर वाकून उभा होतो. आजही तीच गाडी आहे. आजही दवाखान्याच्या दिवशी वळण आलं की माझी बोटं आधीच आखडतात आणि बायको हात मांडीखाली दाबून बसते.

बाटली घेऊन मी कारखान्याच्या वार्षिक सभेला गेलो. मीही सभासद आहे. मांडवात उभा राहिलो आणि म्हणालो, “चेअरमनसाहेब, ह्या बाटलीवर बोला.”

मागून कोणीतरी ओरडलं, “बस बे खाली! कारखाना कवा चालू हुनार ते इचार, गाडीचं काय घिऊन बसलाव!” मांडव हसला.

चेअरमन माइकवर म्हणाला, “हा विषय पत्रिकेवर न्हाई.” लोक आणखी हसले. सभा संपल्यावर मी त्याला गाडीपाशी गाठलं. त्यानं माझ्या दंडाला धरून बाजूला घेतलं.

“शेठ, जुनी गाडी. रबर म्हातारं झालतं. गॅरेजवाल्यांनी काय वतलं ते मी वाकून बघितलं का? आन् वहिनीच्या हाताचं म्हणाल, तर डॉक्टरबी झटक्यानंच झालं म्हणत न्हाईत.”

मी डॉक्टरांशी बोललो ते बायकोशिवाय कोणाला सांगितलं नव्हतं. म्हणजे यानं दवाखान्यात माणूस पाठवून चौकशी केली होती. ज्याचा संबंध नाही तो चौकशी कशाला करील? हे मी त्याच्या तोंडावर विचारलं. तो गाडीत बसला आणि काच वर केली.

त्यानंतर तो दोनदा निवडून आला. लग्नकार्यात समोर आला की हात जोडतो. मी जोडत नाही. लोक मला म्हणतात, एवढ्या गाडीपायी किती दिवस धरून ठेवणार? गाडीपायी नाही. माझा खांदा आणि तिचा दवाखाना, दोन्ही सांगूनच मी ती घेतली होती. स्टिअरिंग कशासाठी हवं हे त्याला माझ्या तोंडून कळलं होतं, आणि कळल्यावर त्यानं खोड नाही म्हटलं.

चेअरमनसाहेब, गॅरेजवाल्यानं ओतलं असेल तर त्याला कोणी सांगितलं? गाडी कोणी धुवायला लावली? मला सांगू नका, मी तुमच्याशी भांडेन. माझी बायको दर आठवड्याला अंबाजोगाईत मशीनवर पडलेली असते, तिला उठून जाता येत नाही. तिच्या कॉटपाशी या, तिच्या मनगटाकडे बघा आणि तिला उत्तर द्या.