अण्णांचा प्रपंच

अण्णांनी कुठल्या नटाला 'जोरात बोला' म्हणून कधी सांगितलं नाही. ते समोर येऊन उभे राहायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि विचारायचे, "ह्या बाईला काय पाहिजे? आणि कोण आडवं येतंय?" उत्तर मिळेपर्यंत तालीम बंद. एकदा नुसत्या 'पाणी आणते' ह्या वाक्यावर त्यांनी आमचा अर्धा तास खाल्ला. तिला पाणी आणायचं नव्हतंच म्हणे, तिला त्या खोलीतून सुटायचं होतं!

नव्वदीच्या दशकात मी लग्न होऊन पुण्याहून बंगळुरूला आले, ती नाक वर करूनच. अण्णांचं चिकपेटेत साड्यांचं दुकान, घराणं शिवशाहीच्या काळात इकडे आलेलं, आणि मराठीत निम्मं कन्नड. 'स्वल्प थांबा अक्का', आणि 'बरं'ऐवजी 'सरी, सरी'. मला मेलीला त्याची गंमत वाटायची. मराठी मंडळाच्या वार्षिक नाटकात त्यांनी मला नायिका केलं, तेव्हा मनात म्हटलं, चला, आता ह्यांना जरा शुद्ध मराठी ऐकवू.

नाटक जुनं, आजोबांच्या काळातलं. नवरा बायकोला टाकून संन्यासी होतो, बारा वर्षांनी येतो आणि 'चल माझ्याबरोबर' म्हणतो. ती म्हणते, "मला माझा प्रपंच आहे." बस्स, एवढंच. मला ते वाक्य अगदी नकोसं झालं होतं. चूल सुटत नाही हिची, भित्री कुठली! मी ते मान खाली घालून, डोळे पुसत म्हणायचे.

"भित्री?" अण्णा म्हणाले. "अक्का, केवढं मोठं बोलते ती! तो म्हणतो, मला देव सापडला. ती म्हणते, मला अख्खं जग आहे. प्रपंच म्हणजे जग की हो!"

मी फिस्सकन हसले. "अहो अण्णा, ते कन्नडात! मराठीत प्रपंच म्हणजे घरसंसार. चूल, मूल, भांडीकुंडी." बाकीची पुण्यामुंबईची मंडळीही हसली. अण्णांचा चेहरा एवढासा झाला. "असं काय? तीस वर्षं मी हे नाटक बसवतोय," एवढंच बोलले, चपला घातल्या आणि गेले.

दुसऱ्या दिवशी आले नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाहीत. प्रयोग आठ दिवसांवर. मंडळात नाटक रद्द करायची भाषा सुरू झाली आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. घरी मी ते वाक्य अण्णांच्या अर्थाने म्हणून पाहिलं. मान आपोआप वर आली. बारा वर्षं तिने मुलं वाढवली, शेत राखलं, सासू-सासऱ्यांचं केलं. ती जायला घाबरत नव्हती, तिला जायचंच नव्हतं! आणि नवऱ्यावर जीव होता, म्हणून तर एका वाक्यात आटपलं. दुसरं बोलली असती तर रडली असती.

तशीच दुकानात गेले. अण्णांच्या पुढ्यात नाटकाची वही होती. त्या वाक्याशेजारी जुन्या शाईत 'जग' लिहिलेलं, त्यावर ताजी काट, आणि खाली 'घरसंसार'. मला रडूच फुटलं.

"चुकले मी, अण्णा. शब्द मला माहीत होता, बाई तुम्हाला कळली," म्हटलं आणि त्यांचंच पेन घेऊन 'घरसंसार' खोडायला लागले.

अण्णांनी माझा हात धरला. "दोन्ही असू दे की, अक्का. तिला ते दोन्ही एकच होतं."

प्रयोग झाला, छान झाला. पुढे कितीतरी वर्षं अण्णा मला तालमीत 'ह्या बाईला काय पाहिजे?' म्हणून अडवत राहिले. ते गेल्यावर त्यांच्या मुलाने ती वही मला आणून दिली. यंदा तेच नाटक मी बसवतेय. नायिका सर्जापूर रोडवर राहणारी, नागपूरची, कंपनीत नोकरी करणारी पोरगी. परवा तिने विचारलं, "ताई, प्रपंच म्हणजे एक्झॅक्टली काय?"

"जग," मी म्हटलं.

तिने लगेच ते वाक्य म्हणून पाहिलं. मान वर कर म्हणून मी तिला सांगितलं नव्हतं.