किस्काच्या धुक्यातला तिसरा आवाज

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की चहा करायला उठून जाणारा माणूस आहे मी. माझी बायको मधुरा मला चारचौघांत 'एक्सेल शीट' म्हणते. त्यामुळे हे लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय... पण घडलं ते असं.

मी बारा वर्षं जहाजावर होतो. आता सिंगापूरला बुकित पंजांगमध्ये राहतो आणि ऑफिसात बसून कंपनीच्या जहाजांवर लक्ष ठेवतो. मधुराचा धाकटा भाऊ प्रसाद आमच्याच एका मालवाहू जहाजावर कॅप्टन आहे. नोकरीला त्याला मीच लावलं.

गेल्या जुलैत, सकाळी अकराला, त्याचा सॅटेलाइट फोन आला. जपानहून अमेरिकेला जाताना, अलास्काच्या टोकाकडच्या बेटांजवळ इंजिन बंद पडलं होतं. दाट धुकं, आणि जहाज वाहत किस्का नावाच्या निर्मनुष्य बेटाकडे चाललेलं. ओढून न्यायला टगबोट यायला दीड दिवस. जहाजावर एकवीस माणसं.

"भावोजी, लाइट गेलीय, पाण्याची खोली मोजता येत नाहीये. नकाशावर तर इथे खूप खोल दाखवतंय. अँकर सोडू का नको?"

मी बोलणार तेवढ्यात लाइनवर कुणीतरी शांतपणे इंग्रजीत म्हणालं — तीस फॅदम खोल. इथेच सोडा. बेट रिकामं आहे, कुणी गोळी झाडू नका.

गोळीचं काही कळलं नाही. वाटलं, प्रसादच्या शेजारी चीफ मेट, म्हणजे त्याच्या हाताखालचा अधिकारी, असेल. जहाज चालवतात त्या ब्रिजवर चार जण एकदम बोलतात, आपण आकडा सांगणाऱ्याचं ऐकायचं, ही आमची जुनी सवय.

"मेट सांगतोय ना, तीस फॅदम! सोड अँकर!" मी ओरडलो.

साखळीचा खडखडाट ऐकू आला. मधुराला आता काय सांगायचं, एवढंच डोक्यात होतं.

"धरला, भावोजी. थांबलं जहाज." आणि मग, "पण मेट तर पुढे अँकरपाशी आहे. फोनजवळ मी एकटाच. कोण सांगत होतं?"

आमचे कॉल रेकॉर्ड होतात. मी तीनदा ऐकला. त्याचा प्रश्न, मग शांतता, मग थेट माझं ओरडणं. फॅदम हे तर खोलीचं जुनं, सहा फुटांचं माप, आम्ही मीटरमध्ये बोलतो.

नंतर वाचलं. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी किस्का घेतलं होतं. ते सोडवायला अमेरिकन आणि कॅनेडियन सैनिक त्या गारठ्यात उतरले, तेव्हा जपानी आधीच धुक्यातून निसटले होते. बेट रिकामं होतं, पण यांना ते माहीत नव्हतं... आणि धुक्यात त्यांनी एकमेकांवरच गोळ्या झाडल्या.

प्रसाद सुखरूप आहे. दिवाळीला घरी आला होता. मला एवढंच वाटतं — तो जो कोण होता, त्याचं तेव्हा कुणी ऐकलं नसावं. मी ऐकलं... तेही मेट समजून.